दहावीचं राहिलेलं गणित

दहावीला गणितात नापास झाले आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन मुखेडला आले. पुढं अंगणवाडीत मदतनीस झाले. पोरांना खिचडी वाढता वाढता सोळा वर्षं गेली. सेविका व्हायचं तर शिक्षण पुढं न्यायला हवं होतं, आणि सगळं अडलं होतं दहावीवर. पस्तिसाव्या वर्षी मी बाहेरून फॉर्म भरला.

नणंद लातूरला होस्टेलवर राहून बारावी करत होती. तिला फोन केला तर म्हणाली, "वहिनी, नुसतं पुस्तक वाचत बसू नका. मागच्या वर्षांचे पेपर सोडवा. घड्याळ लावून, दोन तास. झालं की फोटो पाठवा."

उत्तरांसकट जुन्या पेपरांचा संच आणला. अंगणवाडी सुटल्यावर दुपारी ओसरीवर बसले. पहिल्या पेपरला चाळीसपैकी सहा पडले. दुसऱ्याला नऊ. मला सात-आठचे पाढेच धड येत नव्हते, तिथं समीकरणं कुठून सुटणार?

तिसऱ्या पेपरात एक गणित होतं. आई आणि मुलीच्या वयांची बेरीज बेचाळीस, आईचं वय मुलीच्या पाचपट. मला काही केल्या जुळेना. शेवटी मागचं पान उघडलं, उत्तर बघून उतरवलं आणि फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला.

"वहिनी, मुलगी सात वर्षांची. मग पाच सत्ते किती?"

"पस्तीस."

"तुम्ही आईचं वय पंचवीस लिहिलंय."

मी वही उघडून बघितली. पंचवीसच होतं.

"संचात चुकून तसंच छापलंय, मीही दहावीला तोच संच वापरला होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "तुम्ही मला सहा मार्कांचा पेपर पाठवला तरी चालंल. पण तुमचा पाठवा."

कान तापले माझे. माझ्यापेक्षा निम्म्या वयाची पोर ती. त्याच संध्याकाळी संचातली उत्तरांची पानं फाडून काढली आणि सासूबाईंच्या हातात दिली. "तुमच्या पेटीत ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."

"काय हाय यात?"

"उत्तरं."

"आपल्याच घरात आपल्यालाच कुलूप व्हय?" त्या म्हणाल्या, पण पानं पेटीत ठेवली.

त्यानंतर भाकरी थापताना पाढे म्हणायला लागले. सातचा आठवड्यात पाठ झाला, आठनं पंधरा दिवस घेतले. चुकलेलं गणित दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर परत मांडायचं, नाही सुटलं तर तिसऱ्या दिवशी परत. संभाव्यता आधी जमली, नाणं उडवायचं अन् फासा टाकायचा, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. भूमितीतली प्रमेयं लिहून लिहून बोटाला घट्टा पडला. चौदाव्या पेपरला एकोणीस पडले, पंधराव्याला परत बारा. त्या दिवशी जेवण गेलं नाही. सोळावा मात्र सोडवला.

परीक्षेत एक प्रमेय अर्ध्यात अडलं. मग ते तिथंच सोडलं आणि पुढच्या प्रश्नाला लागले.

निकाल मोबाइलवर पाहिला तेव्हा सासूबाई शेंगा फोडत होत्या.

"गणितात किती पडले?"

"चव्वेचाळीस."

"शंभरातले?"

"हाव."

"मंग अर्धे बी न्हाईत."

"न्हाईत," मी म्हणाले, "पण पास हाय."

त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी अंगणवाडी सुटल्यावर मी अकरावीची चौकशी करायला गेले.