तिसऱ्या पुकाऱ्याआधी

मलकापूरला कॉमर्सचं कॉलेज निघालं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. हायस्कूलच्या चार खोल्या सकाळी सात ते साडेदहा कॉलेजला मिळायच्या. त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत रंगराव लहाने व्यापारी कायदा शिकवायचे. शिकवायचे म्हणजे सांगायचे आणि मुलं लिहून घ्यायची. प्रस्ताव म्हणजे काय, स्वल्पविराम. स्वीकृती म्हणजे काय, पूर्णविराम. टिपणांची वही त्यांनी नागपूरला शिकताना केलेली होती. समासात लाल शाईने कलमांचे आकडे, प्रत्येक व्याख्येखाली पट्टीने मारलेली रेघ. विद्यापीठात त्यांच्या विषयाचा निकाल कधी साठ टक्क्यांच्या खाली आला नव्हता. मुलं त्यांना मानायची, निदान त्यांना तसं वाटायचं.

रंगराव मूळचे उंद्रीचे. घरी बारा एकर कोरडवाहू आणि तीन भाऊ. वडिलांनी याला शिकायला सोडलं ते हा वकील होईल म्हणून. बी. कॉम. झाले, वकिलीची परीक्षाही झाली. बुलढाण्याला एका जुन्या वकिलाच्या हाताखाली त्यांनी वर्षभर काढलं. कागद ते असे तयार करायचे की कारकुनाला खोडायला जागा सापडू नये. पण कोर्टात उभं राहिलं की आवाज घशातच बसायचा. न्यायाधीश दोनदा म्हणायचे, मोठ्यानं बोला, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या वकिलाकडे पाहायचे. वर्ष संपलं तसा त्यांनी काळा कोट उंद्रीला पाठवून दिला आणि मास्तरकी धरली. वर्गात कोणी मोठ्यानं बोला म्हणत नव्हतं. तिथे त्यांचाच शब्द पहिला आणि त्यांचाच शेवटचा.

सदुसष्ट सालच्या पावसाळ्यात प्रिन्सिपॉलसाहेबांनी त्यांना बोलावलं. व्याख्या मुलांना पाठ असतात, म्हणाले, पण पेपरात उदाहरण आलं की मुलं अडखळतात. जरा बाजारातलं काही दाखवा. रंगरावांनी दोन दिवस विचार केला आणि आपणहून उकंडरावांचं नाव सुचवलं. ही गोष्ट पुढे त्यांना फार टोचली. माणूस त्यांनी स्वतःच आणला होता.

उकंडराव धामणगाव बढ्याचे. बाजार समितीत हर्रासाचा पुकारा करायचे, म्हणजे धान्याच्या नाहीतर मिरचीच्या ढिगावर उभं राहून व्यापाऱ्यांच्या बोल्या घ्यायच्या, एक, दोन, तीन म्हणून शेवटच्या बोलीवर माल सोडायचा. शिक्षण चौथी. पण आवाज असा, की रेल्वे फाटकापाशी उभ्या माणसाला बाजारातला भाव कळावा. बाजार साडेदहाला उघडायचा, म्हणून शनिवारी नऊचा तास त्यांना जमण्यासारखा होता.

पहिल्या शनिवारी ते धोतराच्या ओच्यात वाळलेली मिरची घेऊन आले आणि टेबलावर ओतली. पहिल्या दोन बाकांना शिंका सुटल्या. ते म्हणाले, "शिंक पण बोली समजतो मी. कोणाची होती ते सांगा." वर्ग हसला. मग पोरांनाच व्यापारी केलं, एकाला शेतकरी केलं आणि पाऊण तास हर्रास चालवला. बाजूच्या खोलीतले विद्यार्थी दारात येऊन उभे राहिले. रंगराव भिंतीजवळ खुर्ची टाकून बसले होते. आपल्या वर्गात आपण बसलोय आणि दुसरा उभा आहे, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. तास संपल्यावर प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, दर शनिवारी येऊ द्या यांना.

तेव्हापासून रंगरावांच्या जिवाला स्वस्थता राहिली नाही. सोमवारी ते प्रस्तावाबद्दल सांगू लागले की मागून कोणी तरी दबक्या आवाजात "एऽक" म्हणायचं. शुक्रवारी हजेरी तीस, शनिवारी पूर्ण एक्केचाळीस. रंगराव तो आकडा हजेरीपटाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून ठेवायचे आणि घरी जाताना खोडायचे. तास सुटला की मुलं उकंडरावांबरोबर चालत बाजाराच्या फाटकापर्यंत जायची. रंगरावांचं घर दुसरीकडे होतं, तरी एकदा ते चार पावलं मागे राहून त्या वाटेनं गेले. मुलं काय विचारतात ते ऐकायला. मुलं कायद्याचं काही विचारत नव्हती. उकंडरावांच्या म्हशीचं कसं आहे ते विचारत होती. माझ्या घरी कोण कोण आहे हे यांतल्या एकाला तरी माहीत आहे का, असं रंगरावांच्या मनात आलं आणि ते अर्ध्या वाटेतून परत फिरले.

चौथी शिकलेल्या माणसाचा हेवा करावा याची त्यांना लाज वाटायची. पण लाजेनं हेवा कमी होत नव्हता. उकंडराव बोलताना धोतराला खडूचे हात पुसायचे, ते त्यांना खटकायचं. उकंडराव कोणालाही "काय बे" म्हणायचे आणि पोरं खूष व्हायची, ते जास्त खटकायचं. आपण तसं म्हटलं असतं तर पोरं गप्प झाली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी संग्रामपूरच्या उत्तम नावाच्या विद्यार्थ्यानं विचारलं, "भाऊ, बोली दिली आन् मंग वाटलं का जास्त झाली, तर मांगं घेता येते का?"

उकंडराव म्हणाले, "नाही जमत. जबान गेली का माणूस बांधल्या गेला. मी तीन म्हणाची वाट पाहाची गरज नाही."

खुर्चीवर रंगराव ताठ झाले. हे चूक होतं. मालविक्रीच्या कायद्यात चौसष्टावं कलम आहे: लिलाव पुकारणारा विक्री पुरी झाल्याचं जाहीर करीपर्यंत, कोणीही आपली बोली मागे घेऊ शकतो. बोली म्हणजे नुसता प्रस्ताव. स्वीकृती होते तिसऱ्या पुकाऱ्याला. त्यांच्या वहीत हे लाल शाईत होतं. तोंड उघडायचा अवकाश होता. पण त्यांनी उघडलं नाही. एक्केचाळीस पोरांनी ते लिहून घेतलं आणि रंगराव ते लिहिताना बघत बसले. घरी आले तेव्हा पुष्कळ दिवसांनी त्यांना चांगली भूक लागली होती.

जानेवारीत चाचणी परीक्षा झाली. तिच्यात जो नापास होईल त्याला विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म द्यायचा नाही, असा कॉलेजचा नियम. पेपर रंगरावांनीच काढला. चौथा प्रश्न दहा गुणांचा: एका व्यापाऱ्याने मिरचीच्या ढिगावर बोली दिली आणि तिसऱ्या पुकाऱ्याआधी ती मागे घेतली, तो बांधील आहे काय, कारणे द्या.

अडतीस जणांनी लिहिलं, बांधील आहे. रविवारी सकाळी ओट्यावर बसून रंगराव लाल पेन्सिलीनं शून्यं देत होते आणि प्रत्येक शून्य नीट गोल काढत होते. मनकर्णाबाई, त्यांच्या पत्नी, शेजारी ज्वारी निवडत होत्या. एवढं काय खुशीत आहात म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा रंगरावांनी सगळी हकिगत सांगितली. चौथी शिकलेल्या माणसाला वर्गात उभं केलं की काय होतं, ते आता साहेबांनाही कळेल, असंही म्हणाले.

मनकर्णाबाईंनी सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "तो सांगे तवा तुमी कुठं होते?"

"तिथंच होतो. वर्गात."

"मंग तवाच काऊन नाही सांगतलं?"

रंगराव म्हणाले की दुसऱ्याच्या तासात मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

"वर्ग तं तुमचाच हाये," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि सूप घेऊन आत गेल्या.

बेरीज केली तेव्हा त्या दहा गुणांपायी अकरा जण नापास होत होते. उत्तमही त्यांत होता. रंगरावांनी बेरीज पुन्हा केली. तेवढेच निघाले. पण शनिवारी हे उकंडरावांसमोर वर्गात वाचून दाखवायचा त्यांचा बेत मोडला नाही.

शनिवारी उकंडराव मिरची घेऊन आले, तर रंगराव टेबलापाशी उभे. त्यांनी चौथा प्रश्न वाचला, चौसष्टावं कलम वाचलं, अडतीस जणांना शून्य आणि अकरा जण नापास, हेही वाचलं. हे उत्तर तुम्हाला कोणी शिकवलं ते मी सांगायला नको, म्हणाले. मुलांनी मान वर केली ती त्यांच्याकडे पाहायला नव्हे, उकंडरावांकडे पाहायला. त्या नजरांत राग नव्हता. या माणसाला आता कसं वाटत असेल, एवढीच काळजी होती. रंगरावांना त्या काळजीचाही हेवा वाटला.

उकंडरावांनी मिरचीचा ओचा सावरला. मग म्हणाले, "सर, पोराईचं काई चुकलं नाही. चुकलं माहं. म्याच सांगतलं तसं. बावीस वर्सं झाले पुकारा करून राह्यलो, पन हे मले कोनी सांगतलं नाही." आणि लगेच पुढे, "असं कसं, ते दाखवा ना मले."

रंगरावांना हेच हवं होतं. तुम्ही पुकारा करा, मी व्यापारी होतो, म्हणाले. उकंडरावांनी मिरची टेबलावर ओतली आणि ते ढिगामागे गेले. रंगरावांनी बोली दिली. आवाज बारीकच निघाला. "एऽक," उकंडराव म्हणाले, "दोऽन." रंगराव म्हणाले, "मी बोली मागे घेतो."

उकंडरावांचा हात वरच राहिला. जबान देऊन असं करणारा माणूस त्यांनी बाजारात क्वचितच पाहिला असेल. मग त्यांनी हात खाली घेतला. "ठीक हाये. कायद्यानं तुमी मोकळे."

"लिहा," रंगराव वर्गाला म्हणाले. पण उकंडरावांनी पुकारा पुन्हा सुरू केला होता. उत्तमनं बोली दिली. रंगरावांनी तिच्यावर चढवली. उकंडरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उत्तमच्याच बोलीवर एक म्हणाले. रंगरावांनी आणखी चढवली, या वेळी बऱ्यापैकी मोठ्यानं. उकंडरावांची नजर त्यांच्या डोक्यावरून मागच्या बाकाकडे गेली. मुलं हसू लागली. रंगरावांचे कान तापले. मोठ्यानं बोला असंही इथे कोणी म्हणत नव्हतं.

"तीऽन," उकंडराव म्हणाले, आणि मिरची उत्तमपुढे सरकवली. मग रंगरावांकडे वळले. "राग नोका धरू सर. तुमी मोकळे झाले, तसा मीबी झालो ना. एकडाव बोली मांगं घेतलेल्या माणसाकडं आमी त्या दिवशी पाहात नाही."

हसू थांबलं. आता सर काय म्हणतात, म्हणून सगळे बघत होते. रंगरावांना कळून चुकलं होतं, की हेही कायद्याला धरूनच आहे. बोली हा प्रस्ताव, तर तो घ्यायचा की नाही ही पुकारणाऱ्याची मर्जी. पाच वर्षं जे त्यांना व्याख्येतून गळी उतरवता आलं नव्हतं, ते या माणसानं त्यांच्या डोक्यावरून पाहून एका मिनिटात दाखवलं होतं. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसायची सवय त्यांना होती.

"उकंडरावांनी केलं ते बरोबर आहे," ते म्हणाले. शब्द जड गेले. "बोली मागे घेण्याचा मला हक्क आहे, आणि माझी बोली न घेण्याचा त्यांना आहे. लिहून घ्या. आणि दिवाळीनंतर हे चुकीचं सांगितलं गेलं तेव्हा मी याच खोलीत होतो. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही."

मुलांनी पहिलं वाक्य लिहिलं. शेवटच्या वाक्यांपाशी पेनं थांबली.

तास सुटल्यावर वर्ग उकंडरावांबरोबर बाजाराच्या वाटेला लागला. रंगराव गुणपत्रक घेऊन बसले आणि चौथा प्रश्न रद्द केला. सर्वांना सारखेच दहा गुण. पण प्रश्न रद्द करायचा तर प्रिन्सिपॉलसाहेबांसाठी शेवटच्या रकान्यात कारण द्यावं लागतं. त्यांनी आधी कच्च्या कागदावर लिहून पाहिलं. 'अपरिहार्य कारणास्तव', खोडलं. 'प्रश्न संदिग्ध असल्याने'. प्रश्न मुळीच संदिग्ध नव्हता, तेही खोडलं. साडेदहा वाजून गेले. हायस्कूलची मुलं दारात गलका करू लागली. तेव्हा त्यांनी पक्क्या शाईत लिहिलं, 'विषयशिक्षकाने चूक माहीत असून वेळीच दुरुस्त केली नाही,' आणि खाली सही केली.

एवढ्याला त्यांना पाऊण तास लागला होता. उकंडराव हेच एका दमात, सगळ्यांसमोर, मिरचीचा ओचा हातात धरून बोलून गेले होते. शाई वाळेपर्यंत रंगराव त्याच गोष्टीवर जळत बसले.