कमलवहिनीची गाडी

भगवानचा फोन सकाळीच आला. “अक्का, कमलवहिनी गेली. झोपेतच.” आणि लगेच पुढचा प्रश्न, “तिच्या गाडीची चावी कुठं ऱ्हाती, तुला म्हाईत असंल?” भगवान माझा धाकटा भाऊ. लिहितानाही किळस येते, पण तो हेच बोलला.

कमलवहिनी आमच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर त्याची जुनी व्हॅन विकून टाक, असं सगळ्यांनी सांगितलं. ती गाडी चालवायला शिकली आणि कापडाचे गठ्ठे घेऊन टेंभुर्णीपासून मंठ्यापर्यंतचे आठवडी बाजार करू लागली. उन्हाळ्यात गाडी तापायची, वाफ निघायची, टपरीवरची माणसं मजा बघत बसायची. शेवटी तिनं जालन्यातला एक मेस्त्री गाठला. रेडिएटरसमोर जादा पंखा बसवला, इंजिनाला दगड लागू नये म्हणून खालून जाड पत्रा, उजेड पुरा पडावा म्हणून हेडलाइटला रिले. जमेल तसं, एकेक. मी विचारलं, “वहिनी, इंजिनच का खोलून घेत नाहीस?” ती म्हणाली, “चांगल्या इंजिनाला उगं कशाला खोलायचं? बाहेरून बोल्टानं बसतंय तेवढं बसवायचं. गाडीनं रस्त्यात दगा दिला न्हाई म्हंजी झालं.” पुढं गाडीनं दगा दिलाही नाही. भगवान मात्र चारचौघांत म्हणायचा, “वहिनी गाडीला दागिने घालून राह्यली.” ती हसून सोडून द्यायची. मला ते कधी जमलं नाही.

दहाव्याला आम्ही बायका घाटावरून परतलो, तर भगवान आमच्याआधीच घरी येऊन गाडीखाली शिरलेला. नुकतेच केस उतरवलेलं डोकं, हातात पाना. पंखा, पत्रा, रिले, सगळं काढून स्वतःच्या पिकअपमध्ये टाकलेलं. “काय करतोस हे?”

“तिला काय करायचं आता? माझी पिकअप लई तापती.”

पाहुणे ओट्यावर चहा पीत होते. बोल्ट दिसेना म्हणून एकानं तर मोबाइलचा उजेड धरला! आणि तेराव्याला हाच भगवान माईकवर रडला, “वहिनी आईसारखी होती…” माझ्या ताटातलं गोड तसंच राहिलं.

वहिनीची लेक म्हणाली, “आत्या, गाडी तुम्हीच न्या.” मी नेली. थांबत, थंड करत, जालन्यात त्याच मेस्त्रीकडं. उपसलेल्या वायरी त्यानं एकेक करून सरळ केल्या. मंग म्हणाला, “ताई, बसवू परत.”

परवा भगवान घरी आला. बॉनेट उघडून आत हात घातला. “नवा पंखा भारी हाय की, अक्का.”

मी बॉनेट आपटलं. हात त्यानं वेळेवर काढला.