राधाबाईची खुर्ची, धोंडूचो हंडो

यशोदाकाकीकडे गेलेली वाटी कधी रिकामी परत आली नाही. उसनी साखर ती सपाट न्यायची आणि परत करताना शिगोशीग भरून द्यायची. नको म्हटलं तर ऐकायची नाही. मी लग्न होऊन मालवणजवळच्या त्या वाडीत आले तेव्हा मला तो मोठेपणा वाटला. वर्षभर शेजार केल्यावर कळलं, की हा हट्ट आहे.

काकीचा नवरा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या होता. मलबारच्या फेरीत तापानं गेला. मागे राहिली काकी, दोन खणांचं घर आणि मुलगी सुशीला. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजत घालायची, बडवायची आणि सुंभ वळून विकायचा, यावर काकीनं पोर वाढवली. तांडेलाच्या घरचं माणूस हात पसरत नाही, हे तिचं पालुपद. माझ्या सासूबाई, राधाबाई, तिला म्हणायच्या, "पसरू नको गो, पण कोणी दिल्यान तर मूठ तरी उघड." काकी हसायची आणि मूठ मिटलेलीच ठेवायची.

सुशीला फार हुशार निघाली. रत्नागिरीला आत्याकडे राहून तिनं इंटर सायन्सला असे गुण मिळवले, की मुंबईच्या मेडिकल कॉलेजात सहज जागा मिळावी. त्रेसष्ट साल होतं. अर्जात एक प्रश्न होता: कुटुंब आर्थिकदृष्ट्या मागासलेलं आहे काय? हो म्हटलं आणि दाखला जोडला, तर फी माफ. नाही म्हटलं, तर डॉक्टरकी विसरायची आणि आईशेजारी बसून सोडणं बडवायची.

काकीनं साफ नकार दिला. "हिच्या बापाशीन कोणापुढे हात पसरूक नाय," ती म्हणाली. "आता तेच्या नावाखाली मी 'मागासलेले' लिवन देव?"

सुशीलानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती खरंच आईशेजारी बसली आणि बडवायला लागली. पुस्तकं धरणारे हात ते, लगेच फोडांनी भरले. काकीनं दोन दिवस बघितलं न बघितलंसं केलं. तिसऱ्या दिवशी पोरीच्या हातांना खोबरेल लावता लावता म्हणाली, घाल अर्ज, पण वाडीत कोणाला सांगू नकोस. हे सगळं सुशीलानं मला मागाहून सांगितलं. तेव्हा आम्हांला त्यातलं अक्षर ठाऊक नव्हतं, आणि घोळ झाला तो तिथेच.

झालं असं, की दाखला देण्याआधी घर बघायला सर्कल इन्स्पेक्टर येणार होते. काकीनं वाडीत एवढंच सांगितलं, की सुशीलाच्या कॉलेजच्या कामासाठी साहेब येणार आहेत. आमच्या वाडीत साहेब म्हणजे पाहुणा, आणि पाहुणा एका घरी आला तरी तो सगळ्या वाडीचा. पोरगी डॉक्टर व्हायला निघालीय आणि साहेबानं काय फाटक्या चटईवर बसायचं? सासूबाईंनी पदर खोचला. काकी आणि सुशीला सकाळी खाडीवर गेल्या, तशी आम्ही घर ताब्यात घेतलं. सासूबाईंची हाताची खुर्ची आली. समोरच्या धोंडूनं आपला पितळी हंडा चिंचेनं घासून आणला. पोस्टमास्तरांकडच्या नक्षीच्या कपबशा आल्या, बागवाल्या बाबलीनं काजूगर पाठवले. मी माझ्या रुखवतातली विणलेली चादर आमच्याच खाटेवर अंथरली आणि खाटेसकट ती तिथे मांडली. घर असं दिसायला लागलं, की आता सनईवालेच तेवढे बोलवायचे राहिलेत.

सुशीलाला घेऊन काकी चिखलाच्या पायांनी आली, तिनं घर बघितलं आणि ती दारातच थिजली. तिला बोलायला वेळच मिळाला नाही. साहेब पाठोपाठ आले.

साहेब भला माणूस होता. खुर्चीत बसले, काजू खाल्ले, चहा प्यायले, सगळीकडे नजर फिरवली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "बाई, घर चांगलं खातंपितं दिसतंय. गरिबीचा दाखला मला देता येणार नाही."

दाखला हा शब्द आम्ही दारात उभं राहून पहिल्यांदा ऐकला. सासूबाई पुढे सरसावल्या, पण काकीनं हातानंच त्यांना थांबवलं. घर खातंपितं आहे, हे साहेबाच्या तोंडून सगळ्या वाडीनं ऐकलं होतं. आयुष्यभर तिला हवं होतं ते हेच. गप्प राहिली असती, तर तिची अब्रू झाकलेलीच राहिली असती. तिनं सुशीलाच्या हातांकडे बघितलं.

"साहेब, आपण..." अशी तिनं कचेरीतल्या मराठीत सुरुवात केली आणि ती अडली. मग तिची स्वतःची भाषा आली. "सायबानू, तुमी बसल्यात ती खुर्ची राधाबाईची. हो हंडो धोंडूचो. कपबशे पोस्टमास्तरांचे, काजी बाबलीच्यो. चादर ह्या पोरीची, रुखवतातली. ह्यातला माझा काय एक नाय. आमी गरीब आसो. लिवा."

साहेबांनी टोपण काढलं आणि खाली मान घालून लिहिलं.

ते गेल्यावर कोणी कोणाकडे बघेना. मला रडू येत होतं आणि काकीचा रागही येत होता. आधी बोलली असती, तर तिची दोन भांडीसुद्धा आम्ही आमच्याकडे नेऊन लपवली असती. ती मात्र शांतपणे चुलीशी बसली आणि साहेबांसाठी केलेला उरलेला चहा दूध वाढवून आम्हां सगळ्यांना पाजला.

सुशीलाला जागा मिळाली. एस.टी.वर पोचवायला सगळी वाडी गेली. ट्रंक धोंडूची होती, सतरंजी सासूबाईंची आणि चादर माझी. काकीनं एकेक वस्तू स्वतःच्या हातानं मागून घेतली होती, आणि त्या वेळी बदल्यात भरलेली वाटी काही आली नाही. मला त्याचंच फार बरं वाटलं. गाडी सुटायच्या वेळी सुशीला कानकोंडी होऊन म्हणाली, "आये, थंय पोरी इचारतले, ह्या सगळा कोणाचा?"

काकीनं खिडकीतून तिच्या गालावर हात ठेवला. "लाजू नको," ती म्हणाली. "एकेकाचा नाव घेवन सांग."