वहिनीच्या तोंडची चाल

शेजारच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली आहेत. त्या गोड, आंबूस वासात मघाशी मी एक चाल मोबाईलमध्ये गुणगुणून ठेवली. अशा कितीतरी पडून आहेत. ऐकायचाही कंटाळा येतो.

तरुणपणी मी गावच्या नाटकांना चाली लावायचो. सालेकशाच्या जंगलात वहिनीबरोबर मोहफुलं वेचताना एकदा अशीच चाल सुचली. पेटी घरी, घर लांब. वाटेत विसरेन या भीतीने मी वहिनीलाही ती म्हणायला लावली.

"मले कुठं गाणं येते, भाऊजी?" म्हणत तिने टोपली डोक्यावर घेतली आणि घरापर्यंत गुणगुणत आली. मी पेटीवर बसलो, तर तिची शेवटची ओळ वेगळीच निघाली.

"असं नव्हतं, वहिनी."

"मले तं असंच आठवून राहिलं."

तिचंच गोड होतं. मी तेच ठेवलं आणि ते गाणं गावभर झालं.

वहिनीला आता फारसं आठवत नाही. परवा तिच्या खाटेशी बसून मी ती चाल म्हटली.

"चांगली हाये. कोणाची?"

"तुमचीच."

तिने शेवटची ओळ म्हणून पाहिली, तीही पुन्हा निराळी. मोबाईल खिशातच होता. मी नुसता ऐकत बसलो.