डिझेल परवडायचं तेव्हा

देशमुखकाकांच्या गाडीच्या कव्हरावर आज बदामाची पानं साचलेली दिसली आणि मन खट्टू झालं.

काकांची आधीची गाडी डिझेलची होती. पेट्रोलच्या गाडीपेक्षा लाखभर जास्त मोजून घेतलेली. ते पैसे वसूल व्हायचे तर गाडी सतत पळायला हवी, असं त्यांचं गणित. सोसायटीच्या फाटकाशी कुणी उभं दिसलं की ते हाक मारत, "बसा हो! डिझेल आहे, परवडतं!" शेजारच्या कुलकर्णीकाकूंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे, तेही याच नावाखाली.

मी तेव्हा डिझेलच्या धुराविरुद्ध पत्रकं वाटत होतो. 'धूर तुमचा, फुप्फुसं आमची' हे माझंच वाक्य. एक पत्रक त्यांच्या वायपरखाली खोचलं. दोन महिन्यांत त्यांनी पेट्रोलची गाडी आणली आणि फिरणं कमी केलं.

धुराबद्दल लिहिलेलं मी आजही मागे घेणार नाही. पण स्वस्त इंधनाच्या आडोशाने माणसं किती सहज देत होती, किती सहज घेत होती, हे मला तेव्हा दिसलं नाही.

आज तिसऱ्या रिक्षावाल्याने नकार दिल्यावर डायलिसिसला निघालेल्या कुलकर्णीकाकू फाटकाशी खुर्ची मागवून बसल्या. मी म्हणालो, "काकांना विचारू का? ते नाही म्हणणार नाहीत."

"म्हणूनच नको रे," काकू म्हणाल्या. "तेव्हा त्यांना गाडी पळवायचीच असायची, म्हणून मी बसायचे. आता ते उपकार होतील."