चौथं पान शुक्रवारी

मोहोळला माझं शिवणाचं दुकान आहे. लोक तिथे कपडे शिवायला कमी आणि वर्तमानपत्र ऐकायला जास्त येतात. सोलापूरचं साप्ताहिक मंगळवारी हाती पडतं. चार पानांचं. एका दिवसात संपवलं तर उरलेला आठवडा एकमेकांची तोंडं बघत बसायचं, म्हणून आमचा नेम ठरलेला: दिवसाला एकच पान. मंगळवारी विलायतेच्या भानगडी, बुधवारी पुण्या-मुंबईची भाषणं, गुरुवारी जाहिराती. जाहिरातींना गर्दी सगळ्यांत जास्त. केसांच्या तेलाची जाहिरात मला दोनदा वाचावी लागते, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना टक्कल! शुक्रवारी चौथं पान, म्हणजे लिलाव आणि कचेरीच्या नोटिसा. त्या दिवशी दुकानात कुत्रं फिरकत नाही.

नवरात्रातल्या त्या शुक्रवारी काजं करता करता मी एकटाच ते पान चाळत होतो. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळच्या एका गल्लीचा रस्ता रुंद होणार, खालील घरांचा पुढचा भाग पाडणार, हरकत असल्यास शनिवारी दुपारी बारापर्यंत लेखी द्यावी. खाली घरांचे नंबर. पाचवा नंबर माझ्या थोरल्या बहिणीच्या घराचा.

मेव्हणे गेल्यापासून आक्का घराच्या ओसरीवर गिरणीकामगारांची खानावळ चालवते. पुढचा भाग म्हणजे ती ओसरीच. ओसरी गेली की खानावळ गेली, मग या बाईनं खायचं काय? आणि कागद मंगळवारपासून माझ्या कातरीखाली पडून! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या मोटारीत जाऊन बसलो. सोलापूरला जाणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो: आठ आणे मागतात, सहा आण्यांवर येतात. पुढे बसू नका, इंजिनानं पाय भाजतात. आणि सातची मोटार सातला सुटते असं कुणी सांगितलं तर त्याच्याकडून उसनं काही घेऊ नका, तो थापाड्या असतो.

"कवा सुटनार?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"भरली की."

"भरली की आता! टपावर बकरी बसलीया."

"अजून दोन मानसं बसत्यात की वो."

ती दोन माणसं यायला आठ वाजले. वाटेत इंजिन तापलं, म्हणून विहिरीचं पाणी शोधण्यात वेळ गेला. ते जमलं तर टायर बसला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे, आणि मेंढरं घेऊन एक धनगर आमच्यापुढून निघून गेला. "पायी चला की," म्हणाला, "आमी बगा कसं फुडं जातुय." सगळे हसले. मला हसू येईना. घड्याळ कुणाकडेच नव्हतं, मी आपला माझी सावली किती आखूड झाली ते बघत होतो.

सोलापूर जवळ आलं हे भिंतींवरून कळतं. चहा प्या, विडी ओढा, गोळ्या घ्या, ताकद येईल. इतकी ताकद शहरात असेल तर रस्ते तरी का खचतात, कोण जाणे! सात रस्त्यावर विजेचे नवे खांब उभे होते. दिवे अजून यायचे होते, पण सिनेमाच्या जाहिराती खांबांवर चढून जुन्याही झाल्या होत्या. सुधारणा म्हणतात ती हीच असावी. एका दुकानात डोकावलो, अकराला दहा कमी होते.

तसाच कचेरीत पळालो. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"नोटीस केव्हाची छापून आलीय. आज जाग आली?"

"काल वाचली, साहेब."

"काल? पेपर तर मंगळवारी मिळतो."

आमचा नेम सांगायची लाज वाटली.

"मोजणीदारानं त्या घरांवर गेरूनं खूण केलीय. तिच्याशेजारी आकडा आहे, तो अर्जात हवा. आणि घरमालकिणीचा अंगठा माझ्यासमोर. बाराचा भोंगा झाला की मी अर्ज घेणार नाही."

आक्का चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. मला बघून हात थांबला. "नारू? घटाच्या दिसांत कसा काय आलास?"

"आक्का, भिंतीवरची खूण कुठाय?"

"कसली खून? चुना मारला की मी. नवरात्र न्हवं का?"

भिंत पांढरीफटक. मी डोक्याला हात लावला. धापा टाकत सगळं सांगितलं, तशी ती उठली, उलथनं घेतलं आणि भिंत खरवडायला लागली. मी खिशातली कातर काढली. चुना डोळ्यांत जात होता, तव्यावरची भाकरी करपत होती. घर पाडायची खूण सापडावी म्हणून आम्ही बहीणभाऊ आई तुळजाभवानीचा धावा करत होतो. काय वेळ म्हणायची ही! शेवटी दाराच्या उजव्या अंगाला तांबडी रेघ निघाली, आणि तिच्याखाली आकडा. सतरा.

आक्का माझ्यापुढे पळत होती. हात पिठाचे, डोक्यावर चुना. अर्ज लिहून झाला, शाईत अंगठा बुडला, आणि गिरणीचा भोंगा सुरू झाला.

"भोंगा झाला, बाई," कारकून म्हणाला.

"त्यो मला रोज ऐकू येतुय, साहेब. त्याच्यावरच माज्या चुलीची येळ हाय." आक्कानं अंगठा कागदावर दाबून धरला होता. "त्यो सुरू झाला तवा माजा अंगठा शाईत हुता. तुमी बगितलाय."

कारकुनानं तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आणि शिक्का मारला.

घरी आलो तर पंचवीस माणसं रिकाम्या ताटल्या पुढे घेऊन बसलेली. एकही उठून गेला नव्हता. मीही पंगतीत बसलो. ज्वारीची भाकरी, लाल आमटी, शेंगांची चटणी आणि वर कच्चं तेल. सोलापूरला गेलात तर हे खाल्ल्याशिवाय परतू नका.

संध्याकाळी आक्का मोटारीपर्यंत पोचवायला आली.

"नारू, खून मला ठावं हुती. मोजनीवाला आला तवा मी दारातच हुते."

"मग चुना कशाला मारलास?"

"बगवंना रं. आन् वाटलं, नारू पेपर वाचतुय, त्याला कळलंच आसंल, येईल त्यो. मंगळवारी वाट बगितली, बुधवारी बगितली. बेस्तरवारी म्हनलं, त्याला त्याचा परपंच हाय."

गुरुवारी मी केसांचं तेल वाचत होतो. दोनदा.

मोहोळला आल्यावर नेम मोडला. आता मंगळवारी आधी चौथं पान, मग जग. लोक कुरकुरतात, "तेलाचं कवा?" म्हणून विचारतात, मी सुई चालवत राहतो. दिवाळीच्या तोंडावर त्याच पानावर निकाल छापून आला: आक्काच्या पायऱ्या गेल्या, ओसरी वाचली. दुकानात ते मी तीनदा वाचलं, कुणी न सांगता.

भाऊबीजेला गेलो तर भिंत पुन्हा चुन्यानं पांढरी. फक्त दाराच्या उजवीकडे तळहाताएवढ्या जागेत ती तांबडी रेघ तशीच.

"आक्का, एवढं राहिलं की."

"ऱ्हायलं न्हाय, ठिवलंय," ती ओवाळता ओवाळता म्हणाली. "तिकडं नजर गेली की तू पळत आलेला दिसतोस."