उजवा डोळा झाकला तेव्हा

नाकामागची गाठ गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं त्याला दोन वर्षं होत आली होती. गाठीसाठी किरणांचा शेक घेतल्यापासून तोंडाला कोरड पडायची, घास पाण्याबरोबर उतरवावा लागायचा. पण देवपूरच्या शाळेत मी परत शिकवायला लागले होते. घरात त्या आजाराचं नाव कुणी काढत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत चोपड्याला माहेरी गेले. थोरला भाऊ केळीच्या नव्या लागवडीसाठी ठिबकच्या नळ्या अंथरत होता. मी बांधावर उभी होते. उजव्या डोळ्यात धूळ गेली म्हणून तो पदराने झाकला, आणि सगळ्या नळ्या मधोमध वाकल्या.

“भाऊ, नळ्या अशा वाकड्या का टाकल्यास?”

“वाकड्या कोठे? बठ्ठ्या सरळ शेतस,” तो हसला.

डोळा उघडला, सरळ. पुन्हा झाकला, वाकड्या. मग त्याच्याकडे पाहिलं. टोपी दिसत होती, खांदे दिसत होते. तोंडाच्या जागी राखाडी डाग होता.

गाठ परत आली, एवढंच मनात आलं. दोन दिवस जेवताना, बोलताना मी गुपचूप एकेक डोळा झाकून बघत राहिले. शेवटी त्यानेच विचारलं, “डोळाले काय व्हयनं तुना?” आणि मला रडूच फुटलं.

तो मला जळगावला घेऊन गेला. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब घालून बराच वेळ आत पाहिलं.

“गाठ नाही,” त्या म्हणाल्या. भावाने हात जोडले. “पण तेव्हाचा शेक डोळ्याच्या पडद्यालाही लागलाय. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब होत आल्यात. हे असं उशिराच कळतं.”

म्हणजे मी बरी झाले म्हणून आम्ही पेढे वाटले, तेव्हाही ते आत चालूच होतं.

डाव्या डोळ्यात इंजेक्शनं घेतली. सूज उतरली, डाग फिकट झाला, पण गेलेली नजर आली नाही. चहा ओतताना धार कपाबाहेर जाते. वाचणं, पेपर तपासणं, रस्ता ओलांडणं, सगळं उजव्या डोळ्यावर आलं.

परवाच्या तपासणीत बाईंनी डावा डोळा लवकर आटोपला. उजव्याला मात्र वेळ लागला. दिवा बाजूला केला, पुन्हा आणला. “वर बघा. आता नाकाकडे.”

“यातही काही आहे का?” मी विचारलं.

त्यांनी दिवा बंद केला.

“आता तीन महिने थांबू नका,” त्या म्हणाल्या. “पुढच्याच महिन्यात या. आणि भावाला आत बोलवा.”